गुलनारच्या पेटीचा हिरवा दिवा

गुलनार माझी कोणी लागत नाही, आणि पहिल्या भेटीत तर ती मला अजिबात आवडली नव्हती. पत्र्याची एक पेटी मांडीवर घेऊन ती अमरावतीहून एसटीने अकोल्याला आली, आमच्या दवाखान्याच्या गाडीत चढली, तिथल्या कॅमेऱ्यामागचं वायरांचं जाळं बघितलं आणि हे घरटं कोणत्या पाखरानं केलं म्हणून विचारलं. घरटं मी केलं होतं. मी मनात म्हटलं, कानामागून आली अन् तिखट झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने सगळ्या वायरी सोडवून, पट्ट्या बांधून नीट लावून दिल्या आणि माझ्या डब्यातली मिरचीची भाजी न विचारता संपवली. तेव्हापासून आमचं जमलं ते आजतागायत.

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. मी अकोल्यात एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात होते. ट्रस्टची एक गाडी गावोगाव जायची. ज्यांना साखरेचा आजार आहे, ज्यांना अंधारी येते, अशांना खुर्चीवर बसवून मी त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचे. फोटो पेटीत साठायचे आणि संध्याकाळी पेटी डॉक्टरांपुढे जायची. त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरून माणसं यायची ती मेलेल्या शेतकऱ्यांची मोजदाद करायला. मोठमोठे कॅमेरे घेऊन यायची, आणि विधवेला पदर नीट घे म्हणून सांगायची. आमची गाडी जित्या माणसांचे डोळे बघायला जायची, म्हणून तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. मला त्याचा राग यायचा, आजही येतो.

ती पेटी म्हणजे गुलनारची करणी. अमरावतीच्या वामनरावांच्या वर्कशॉपात ती कामाला होती. वामनराव मुळात जिनिंग फॅक्टऱ्यांचे विजेचे पॅनल दुरुस्त करणारा माणूस. कापसाचे दिवस फिरले, एकेक जिन बंद पडला, तसे ते असल्या पेट्या बनवायला लागले. पेटीत एक छोटा कॉम्प्युटर, एक डिस्क, आणि त्या दोघांच्या मध्ये एक स्वस्तातलं सर्किट. खोड त्या सर्किटात होती. डोळ्याचा एक फोटो म्हणजे भलंमोठं ओझं, आणि हे सर्किट एका वेळी मूठभरच माल घ्यायचं. जास्त दिला की सरळ नकार द्यायचं आणि फोटो वाया जायचा.

सगळ्यांनी सल्ला दिला की सर्किट बदला, नाहीतर फोटो लहान करा. गुलनार दोन्हीला नाही म्हणाली. फोटो लहान केला तर डॉक्टरांना दिसणार काय? आणि महागडं सर्किट घातलं तर पेटी परवडणार कोणाला? ती ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात शिरली. त्याला हे लोक कर्नेल म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये कोणी काहीही साठवायला मागितलं की ती मागणी आधी तिथे येते आणि मग डिस्ककडे जाते. तिने तिथे एक टप्पा घातला: मागणी त्या सर्किटाच्या दारापेक्षा मोठी असेल तर ती फोडायची आणि दारातून मावतील असे तुकडे खाली पाठवायचे. कॅमेऱ्याला यातलं काही कळायची गरज नाही. तिचं म्हणणं असं की माल देणाऱ्याने माल द्यावा, दार केवढं आहे ते दारवाल्याने बघावं. पुस्तकं मागवून, कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर आलेल्या सीड्या घासून, राजकमल चौकातल्या नेट कॅफेत बसून तिने हे एकटीने केलं होतं. त्याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवायची नाही.

हे सुचलं कुठून, असं मी एकदा विचारलं. त्यावर तिने मला तिच्या अब्बांची गोष्ट सांगितली.

रऊफचाचा धामणगाव रेल्वेचे. आता गुडघ्यांनी बसवले आहेत, पण एका जमान्यात कापसाच्या गाड्यांचे ते म्होरके होते. आसपासच्या गावांतून बैलगाड्यांची लांबलचक रांग जिनाकडे निघायची. सोबत असावी आणि वाटेत कापूस चोरीला जाऊ नये म्हणून सगळे एकत्र. एका मोठ्या शेतकऱ्याचा कापूस दहा-बारा गाड्यांत विभागलेला असायचा. त्या रांगेचा कायदा असा की कोणी कोणाला मागे टाकायचं नाही. मधल्या एखाद्या गाडीचा आस मोडला तर मागचे सगळे थांबणार. आणि म्होरक्या असूनही रऊफचाचा सगळ्यांत शेवटच्या गाडीवर बसायचे. ती जिनाच्या फाटकातून आत आली की आतला जमादार आरोळी द्यायचा, आखरी गाडी आली, सबन आलं, आणि फाटक लागायचं. लहानपणी गुलनार कापसाच्या ढिगावर बसून त्या गाडीतून यायची. फाटक आपल्यामागे लागतं म्हणजे आपणच सगळ्यांत महत्त्वाचे, अशी तिची तेव्हा समजूत होती.

पेटीत तिने हाच कायदा आणला. मोठं ओझं दिसलं की सगळेच तुकडे एकदम पाडायचे नाहीत. पुढचा तेवढा कापायचा, पाठवायचा, उरलेलं ओझं परत रांगेत उभं करायचं. एकदम सगळे पाडले तर तुकड्यांना लागणारी जागाच संपते, आणि मग दोन फोटो एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे राहतात. जिनाच्या नाक्यावर सगळ्या गाड्या एकदम घुसल्या की व्हायचं तसंच. हा भाग तिने इतका चोख केला होता की पेटी कधी अडली म्हणून नाही. शेवटचा तुकडा डिस्कवर पोचला की पेटीवर हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला, फोटो साठला.

आता गोदाबाई. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं त्यांचं गाव, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वय साठीच्या आसपास. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीच्या त्या पुढारीण, आणि जीभ अशी की मुकादमसुद्धा वाकडी वाट करून जायचा. उजव्या डोळ्याला अंधारी येते म्हणून खुर्चीवर बसल्या. मी फोटो काढला, डॉक्टरांनी पाहिला, पडदा चांगला आहे म्हणाले आणि चष्मा दिला. पुढच्या फेरीला आमची गाडी गावात शिरते न शिरते तोच बाई चष्मा हातात घेऊन रस्त्यात उभ्या.

"बाई, हा तुमचा चष्मा घ्या वापस. उजव्या डोयानं मले चुलीतला इस्तू बी दिसत नाई, अन् तुमचा डॉक्टर म्हनते डोया चांगला आहे. चांगला आहे तं मंग दिसत कावून नाई?"

मी पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून तो दिसतो का विचारलं. डावा डोळा हाताने झाकून त्या म्हणाल्या, कोणता दिवा? त्या दिवशी अकोल्याला परतल्यावर मी त्यांचा जुना फोटो मोठा करून पाहत बसले. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. या फोटोत वरून आलेली एक फांदी मध्येच तुटली होती आणि जरा बाजूला सरकून पुन्हा सुरू झाली होती. खाली आणखी एक तशीच. रंग तोच, उजेड तोच, पण मधला पट्टा ठिगळ लावल्यासारखा. माणसाच्या डोळ्यात फांद्या अशा उड्या मारत नाहीत.

पेटी आणि फोटो घेऊन मी अमरावती गाठली. तिथे भांडायचीच तयारी करून गेले होते. गुलनारने फोटो पाहिला आणि माझं भांडण ऐकूनच घेतलं नाही. फोटो काढताना मी नेमकं काय काय करते, ते तिने करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं: बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, पेटी बंद केली.

"लगेच बंद?" तिने विचारलं.

लगेच नाही तर काय करू, मी म्हटलं. गावात बारा-बारा तास लोडशेडिंग, गाडीतला इन्व्हर्टर माझ्या सासऱ्यांसारखा, बसला की उठत नाही. दिवा लागला की मी पेटी बंद करते, पुढचा माणूस बसला की चालू करते. वर्कशॉपात मात्र तिची पेटी टेबलावर दिवसभर चालूच असायची. तिथे तिने हजारदा तपासली होती आणि हजारदा ती बरोबर निघाली होती.

ती मग माझ्यासारखं करत बसली. दाबायचं, दिवा, बंद. दाबायचं, दिवा, बंद. मी वामनरावांनी दिलेला चहा पिऊन, कप विसळून परत आले तरी ती तेच करत होती. आणि मग एका फोटोत ठिगळ आलं. तिने हात टेबलावर ठेवले.

"ताई, आखरी गाडी आली म्हनून मी फाटक लावून टाकलं," ती म्हणाली. "मधातली एक गाडी रस्त्यातच होती."

मला तिने नंतर समजावलं ते असं. डिस्क चलाख असते. तिला तुकडे रांगेने दिले तरी ती जवळचं काम आधी उरकते, लांबचं मागे ठेवते. आमच्या रस्त्यांवर आपटून आपटून डिस्कची एखादी जागा कुचराई करायला लागली की तिथला तुकडा ती पुन्हा पुन्हा लिहून बघते, तेवढ्यात मागचे तुकडे पुढे निघून जातात. शेवटचा तुकडा पोचायचा, दिवा लागायचा आणि मी पेटी बंद करायचे. मधला तुकडा वाटेतच मरायचा. डिस्कवर ठरलेले कप्पे होते. फोटो अकोल्याच्या कॉम्प्युटरवर उतरवले की त्याच कप्प्यांवर नवे लिहिले जायचे. त्यामुळे न पोचलेल्या तुकड्याच्या जागी काळी पट्टी दिसायची नाही, त्या कप्प्यातल्या जुन्या माणसाचा डोळा दिसायचा. गोदाबाईंच्या फोटोच्या मधोमध मोर्शीकडच्या देवमन नावाच्या तरण्या माणसाचा ठणठणीत पडदा बसला होता. तोच पाहून डॉक्टर म्हणाले होते, चांगला आहे.

दुरुस्ती तिने लगोलग केली. तुकडा निघाला की आकडा एकाने वाढवायचा, पोचला की एकाने कमी करायचा, आणि रांगेत काही उरलं नाही अन् आकडाही शून्य झाला की मगच दिवा. शेवटचा कोणता हे विचारायचंच नाही. आणि एखादा तुकडा पोचलाच नाही तर लाल दिवा, पूर्ण फोटो रद्द. मला वाटलं झालं. पण गुलनार उठली नाही. आधी काढलेल्या फोटोंचं काय, असं तिने विचारलं. अकोल्याच्या कॉम्प्युटरवर सगळे जुने फोटो होते, आणि कोणता फोटो कोणत्या कप्प्यात होता तेही. प्रत्येक फोटो त्याच कप्प्यातल्या आधीच्या फोटोशी ताडून बघणारा प्रोग्राम तिने लिहिला. दोन माणसांच्या डोळ्यांत एक पट्टा हुबेहूब सारखा असूच शकत नाही. जिथे सारखा निघाला तिथे ठिगळ. गोदाबाई एकट्याच नव्हत्या. सात-आठ गावांतून अशी माणसं निघाली.

वामनराव वाईट माणूस नव्हे, पण त्या दिवशी ते घाबरले. ट्रस्ट आणखी गाड्यांसाठी पेट्या घेणार होता, बोलणी चालू होती. ते म्हणाले, या लोकांचे फोटो आपण नव्याने काढू, अगदी उद्यापासून काढू. पण पेटीचं नाव कशाला घ्यायचं? कॅमेऱ्याचं सर्व्हिसिंग झालं म्हणून पुन्हा बोलावलं असं सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही तिथेच होते, आणि खरं सांगायचं तर मला ते अगदीच चूक वाटलं नाही.

गुलनारने आवाज चढवला नाही. "काका, कापसाची वेचणी चालू आहे. डोया चांगला आहे असं सांगून ज्याले आपण घरी धाडलं, तो सर्व्हिसिंगसाठी रोजी बुडवून कायले येईन? आपन सांगू आमी चुकलो, तुमचा डोया कदाचित चांगला नाई, तं धावत येईन. पेटी राहो नाई तं जावो."

घटकाभराने वामनराव उठले, टोपी घातली आणि म्हणाले की डॉक्टरांकडे मी बोलतो, मालक मी आहे. अकोल्याला डॉक्टरांनी वामनराव आणि गुलनार दोघांनाही उभ्या उभ्या फैलावर घेतलं. आवाज बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांपर्यंत येत होता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की कोणत्या गावापासून सुरू करता.

गुलनार स्वतः गाडीबरोबर आली. दर्यापूरकडे जाताना तिने मला सांगितलं की अब्बांना हे सगळं कळलं आणि ते दिवसभर जेवले नाहीत. आपल्या रांगेच्या कायद्याने कोणाचा तरी डोळा गेला असं त्यांनी मनाला लावून घेतलं. तिने त्यांना सुनावलं की कायदा तुमच्या रस्त्याला बरोबर होता, दुसऱ्या रस्त्यावर तो मी नेला, तेव्हा जेवून घ्या. असं बोलणारी ती एकटीच मुलगी मी पाहिली आहे. बापाचा मान राखून बापाला दटावायचं म्हणजे सोपं नाही.

गोदाबाईंना खुर्चीवर बसवलं. गुलनार त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. तुमच्या फोटोत एका तरण्या माणसाचा डोळा मिसळला, डॉक्टरने तो पाहिला, पेटी मी बनवली, चूक माझी. गोदाबाई ऐकत राहिल्या. गावातल्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. मला वाटलं आता पोरीची सालटी निघतात.

"मंग त्या पोट्ट्याले माहा डोया लागला का?" गोदाबाईंनी विचारलं.

नाही लागला, गुलनार म्हणाली. "मंग बरं झालं," बाई म्हणाल्या. "त्याचं अख्खं आयुष्य पडलं आहे." आणि हनुवटी कॅमेऱ्यावर टेकवली.

फोटो काढला. दिवा लागायला वेळ लागला. पूर्वी कधी एवढा लागायचा नाही. मी सवयीने हात बटणाकडे नेला, तो गुलनारने धरून ठेवला. मग हिरवा लागला. त्या फोटोत पडद्याच्या मधोमध रक्त उतरलेलं होतं, मलासुद्धा दिसावं इतकं. त्याच आठवड्यात अकोल्यात लेसर झालं. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर वाचवायला काही उरलं नसतं. आताही किती परत येईल ते सांगता येत नाही, रक्त विरलं की बघू.

यादीतली बाकीची माणसंही आली, बहुतेक सगळी. धावत आली म्हणायला हरकत नाही. दोघांना लेसर लागलं, बाकीच्यांचे डोळे खरोखरच चांगले होते. ट्रस्टने पेट्या घेतल्या. का घेतल्या हे मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते माझ्यावरच खेकसले: जी बाई आपली चूक आपणहून दारात घेऊन येते तिच्याकडून नाही घ्यायच्या तर कोणाकडून घ्यायच्या.

गुलनार आजही अमरावतीतच आहे. वामनरावांच्या माघारी वर्कशॉप तीच चालवते, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांची कामं तिच्याकडे येतात. पुण्याहून बोलावणी आली. तिने एकदा जाऊन पाहिलं आणि परत आली, म्हणाली तिकडं भाजीत तिखट नाई. पुढे काही वर्षांनी कर्नेलमध्येच मोठ्या मागण्या फोडायची सोय झाली, जगभरच्या माणसांनी मिळून केलेली. तेव्हा तिने आपलं एवढं कष्टाचं लिखाण काढून टाकलं. वाईट नाही वाटलं का, असं मी विचारलं. तिने त्या लोकांचं काम वाचून काढलं होतं. तिथेही मोजूनच दिवा लागतो, एवढंच म्हणाली, आणि स्वारी खूश होती.

पण मला तिची आठवण येते ती लेसर झालं त्या साली, कापसाची वेचणी संपल्यानंतरच्या फेरीतली. गोदाबाईंची तपासणी होती, आणि गुलनार काही काम नसताना अमरावतीहून मुद्दाम आली होती. वाटेत काही खाल्लं नाही. बाई खुर्चीवर बसल्या, मी फोटो काढला. आम्ही दोघी दिवा लागायची वाट बघत थांबलो. तेवढ्यात बाईंनी हात वर केला. डावा डोळा तळहाताने गच्च झाकला, मान पेटीकडे वळवली आणि थांबल्या.

"लागला," त्या म्हणाल्या. "हिरवा."

गुलनारने पेटीकडे पाहिलंच नाही. ती गोदाबाईंच्या उजव्या डोळ्याकडे बघत होती, आणि तिला रडू आवरेना.